साध्या वेशातली कॅप्रिस की क्राउन व्हिक्टोरिया?

मिशिगनमधले माझे बहुतेक शनिवार-रविवार गॅरेजात जातात. आधी १९९५ ची शेव्हरोले कॅप्रिस ९सी१ होती, आता २००० ची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया पी७१ आहे. ९सी१ आणि पी७१ हे पोलिसांसाठी बनवलेल्या गाड्यांचे कंपनीचे कोड. दोन्ही निवृत्त पोलीस गाड्या, पण साध्या वेशातल्या: दारावर चिन्ह नाही, टपावर दिवा नाही. कुठली घ्यावी, असं विचारणाऱ्याला दोन्हींची माहिती असतेच, म्हणून आकड्यांत फार शिरत नाही.

अस्सल ९सी१ ओळखायला कॅप्रिसच्या डिकीच्या झाकणाचं आतलं लेबल वाचा. क्राउन व्हिकच्या चासी नंबरात पाचव्या ते सातव्या जागी पी७१ असतं, पण पट्टे रंगवलेल्या गस्तीच्या गाड्यांनाही तोच कोड असायचा. म्हणून भोकं बघायची. ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबात सर्चलाइटचं भोक बुजवलंय का, डिकीच्या झाकणावर अँटेनाची किती आहेत. माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीमागे लपवलेल्या दिव्यांचे ब्रॅकेट अजून आहेत. ते काढायला माझा हात धजावला नाही.

चालवायला कॅप्रिसच सरस. एलटी१ इंजिनाची २६० अश्वशक्ती हायवेवर चढताना पाठीला जाणवते. क्राउन व्हिकचं ४.६ लिटरचं इंजिन त्यापुढे सौम्य वाटतं, हे कबूल.

तरी कॅप्रिस मी विकली ती एका थेंबापायी. एलटी१ चा ऑप्टिस्पार्क डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटून देणारा भाग, इंजिनाच्या तोंडाशी, वॉटर पंपाच्या खाली बसतो. पंपाचं सील गळलं की कूलंट त्याच्यावरच. मी एका दुकानातून दुरुस्त केलेला पंप आणला, तो वर्षभरही टिकला नाही. एका पावसाळी संध्याकाळी सिग्नलला गाडी आचके देऊ लागली. बॉनेट उघडलं तर कूलंटचा गोडसर वास, आणि टॉर्चच्या उजेडात डिस्ट्रिब्यूटरच्या कडेला लोंबकळणारा थेंब. पंप काढा, क्रँकची पुली काढा, तेव्हा कुठे तो हाती लागतो. तीन वर्षांत हे दोनदा केलं. दुसऱ्या वेळी मनासारखा सुटा भाग मिळेपर्यंत गाडी सहा आठवडे स्टँडवर होती.

माझ्या क्राउन व्हिकला डिस्ट्रिब्यूटरच नाही, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. एखादी गेली तर तेवढी बदलायची. तिचं दुखणं म्हणजे त्या काळच्या इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचा) पुढचा, कूलंट वाहून नेणारा प्लॅस्टिकचा भाग तडकतो आणि कूलंट गळतं. तोच भाग (क्रॉसओव्हर) ॲल्युमिनियमचा असलेला मॅनिफोल्ड बसवला की प्रश्न मिटतो. माझा तरी मिटला.

कॅप्रिस १९९६ मध्ये बंद झाली. क्राउन व्हिक कॅनडातल्या सेंट थॉमसला २०११ पर्यंत बनत होती आणि टॅक्सी म्हणूनही भरपूर धावली, त्यामुळे भंगारात तिचे सुटे भाग अजून सापडतात. कॅप्रिसच्या एका दारपट्टीसाठी मी चार महिने थांबलो होतो.

न गंजलेली ९सी१ चालून आली तर नको म्हणू नका, फक्त पंप आणि ऑप्टिस्पार्क एकदमच नवे टाका. नियमित चालवायची असेल तर मात्र मी क्राउन व्हिककडे झुकेन. हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथल्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने दोन्हींच्या चौकटी सारख्याच खाल्ल्या जातात, तेव्हा आधी खाली झोपून पाहा.

आणि कुठलीही आणलीत तरी पहिल्याच दिवशी डॅशबोर्डखाली शिरा. वायरलेस काढताना वायरी कापून तशाच सोडलेल्या असतात. माझ्या गाडीत त्यातली एक बॅटरीला जोडलेलीच होती, आणि पहिला आठवडाभर मी दर सकाळी शेजाऱ्याकडे जंपर केबल मागायला जात होतो.