डिस्क ब्रेकवाली हायब्रिड सायकल, नाशिकमध्ये पंचवटी ते सातपूर, बारा महिने: रिव्ह्यू

साडेतीन स्टार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पंधरा-वीस हजारातल्या सगळ्या हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या सायकली) आतून जवळपास सारख्याच असतात, अल्युमिनियमची फ्रेम, पुढे तीन मागे सात असे २१ गियर, वायरवाले डिस्क ब्रेक, ७०० सी मापाची चाकं, स्टिकर तेवढे वेगळे. यूट्यूबवर जे रिव्ह्यू सापडतात ते नवी कोरी सायकल रविवारी सकाळी गंगापूर धरणाकडे नेऊन केलेले असतात, त्यात चेनला गंज कसा धरतो, ऑफिसात पोचल्यावर शर्टाची पाठ कशी दिसते यातलं काहीच कळत नाही. मला ही सायकल कामावर जायला लागते, पाऊस असो नाहीतर ऊन, म्हणून त्या हिशोबाने लिहितोय.

रूट सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. पंचवटीतून होळकर पूल, अशोक स्तंभ, सीबीएस (बस स्टँड), त्र्यंबक नाका, आयटीआय सिग्नल आणि पुढे सातपूर एमआयडीसी. गोदावरी पश्चिमेकडून येते म्हणजे सातपूर वरच्या अंगाला, जाताना हळूहळू चढ आणि येताना उतार. चढ एवढासा आहे की गाडीवरून जाणाऱ्याला कळणारही नाही, पण जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर येतो आणि मग तोच रस्ता दुप्पट वाटतो. तेव्हा गियर कामाला येतात हे मान्य. मात्र पुढच्या तीन चकत्यांपैकी मी मधलीच वापरतो, मोठीला हात लावायची वेळ फक्त घरी येताना, वारा पाठीशी असला तर. एक फायदा फुकटचा, सकाळी पश्चिमेला जायचं आणि संध्याकाळी पूर्वेला यायचं, त्यामुळे ऊन कधीच डोळ्यात जात नाही.

आता मुख्य तक्रार. सायकल मडगार्डशिवाय मिळते! नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस असतो हे काही गुपित नाही, तरी दुकानात विचारलं की "ते घेतलं की लूक जातो" असं उत्तर. मग तो क्लिपवाला प्लॅस्टिकचा अर्धा तुकडा गळ्यात मारतात, त्याने फक्त पाठीवरची चिखलाची रेघ थोडी खाली सरकते. खरा त्रास पुढच्या चाकाचा असतो, ते जे पाणी आणि बारीक वाळू उडवतं ती थेट बुटांवर, चेनवर आणि पायडलच्या एक्सलवर जाते आणि एका पावसाळ्यात बेअरिंग करकरायला लागतं. पूर्ण लांबीचे, तारेच्या दांड्यांवर बसणारे मडगार्डच हवेत. फ्रेमला आणि पुढच्या चिमट्याला (फोर्कला) एक्सलपाशी स्क्रूची भोकं आहेत का ते घेतानाच बघा, नसतील तर ती सायकल घेऊच नका. माझ्या सायकलला भोकं होती पण डिस्कचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) नेमका मडगार्डच्या दांडीच्या वाटेत. पंचवटीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी लांब बोल्ट घेतला, मध्ये दोन-तीन वायसर घातले, पक्कडीने दांडीला बाहेरून बाक दिला आणि खाली जुन्या ट्यूबचा तुकडा कापून फ्लॅप म्हणून रिव्हेट मारला, जमिनीपासून साधारण वीतभर वर. दिसतं गावठी, पण बूट कोरडे राहतात. अर्धा स्टार त्या काकांमुळेच वाढलाय, कंपनीचा त्यात काही हात नाही.

नाशिकमध्ये सायकलवाल्यांची कमी नाही बरं का, २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून हेल्मेट-जर्सीवाले ग्रुप अजून वाढलेत, चांगलंच आहे. पण दुकानांत माल त्यांच्यासाठी भरलेला, कार्बनची बॉटल केज मिळेल, चेनगार्ड मागितला तर शोधावा लागतो.

ब्रेक मात्र एक नंबर, म्हणजे पावसात. आधीच्या सायकलला रिमवर दाबणारे रबरी ब्रेक होते, रिम ओली असली की दाबल्यावर चाक एक-दोन फेरे मारून मग पकडायचं, होळकर पुलाच्या गर्दीत तेवढ्यात पुढचा रिक्षावाला थांबलेला असतो. डिस्क चाकाच्या मध्याशी असते, साचलेल्या पाण्यापासून वर, त्यामुळे लगेच धरते. ओल्यात किंचाळते खूप, लोक वळून बघतात, बेलचं काम होतं 😄 वायरवाल्या डिस्कमध्ये एकच पॅड सरकतो, आतला जागेवरच असतो, त्यामुळे पॅड झिजले की नुसती वायर ताणून भागत नाही, आतला पॅडपण ॲलन कीने पुढे घ्यावा लागतो. हे बऱ्याच मेकॅनिकना माहीत नसतं, ते वायर ताणतात आणि ब्रेकची मूठ कडक करून देतात. पावसाळ्यात चिखलाने पॅड भराभर संपतात, एक जोडी घरात ठेवा. आणि गंज निघायचा स्प्रे चेनवर मारताना डिस्कवर उडाला तर ब्रेक गेलाच समजा, पॅड तेल पितात.

चेनबद्दल, शिवणयंत्राचं तेल पावसाळ्यात दोन सरींत धुऊन जातं, सकाळी बघावं तर चेन नारिंगी. इंजिन ऑइल टिकतं पण त्यात वाळू अडकून पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. पावसाळ्यासाठी चेनचं घट्ट तेल, म्हणजे वेट ल्यूब, आणि दिवाळीनंतर धुळीत मेणवाला ड्राय ल्यूब, एवढा खर्च करा, आणि घरी आल्यावर जुन्या बनियनने चेन पुसा, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे खंडेनवमीला सायकल धुऊन, चाकाला झेंडू लावून पूजा होते, तोच मुहूर्त साधून ओव्हरहॉलिंग करून घ्यायचं, छर्रे, ग्रीस, रिमचा आऊट (वाकडेपणा) काढणं सगळं. पावसाळा संपलेला असतो आणि मेकॅनिकलाही तेव्हा जरा वेळ असतो.

पूर आला की रामकुंडाजवळचे छोटे पूल विसरा. दुतोंड्या मारुतीच्या (नदीतली मूर्ती, तिच्यावरून लोक पुराचा अंदाज घेतात) कमरेला पाणी लागल्याचे फोटो फिरायला लागले की सरळ होळकर पूल धरायचा. पाण्याखालच्या खड्ड्यात सायकल घालू नका, सिंहस्थाच्या कामांनी कुठे काय खोदलंय ते कुणालाच माहीत नसतं. रेनकोट मी सोडून दिलाय, आतून घामाने तेवढंच भिजायला होतं. हाफ पँट, सँडल, कोरडे कपडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, ऑफिसात बदलायचे. पोंचो तर अजिबात नको, त्या वाऱ्यात त्याचं शीड होतं.

थंडीत सायकलला काही होत नाही, आपल्याला होतं. निफाडला पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी ज्या दिवशी येते त्या दिवशी नदीवरून जाताना बोटं बधिर होतात, ब्रेकची मूठ दाबली की नाही तेच कळत नाही. हातमोजे आणि कान झाकायला काहीतरी, बस. तरी वर्षातले सगळ्यात भारी दिवस हेच, कुणी सायकल सुरू करणार असेल तर डिसेंबरात करा.

उन्हाळ्यात हँडलच्या रबरी मुठी चिकट झाल्या, हातमोज्याला काळं लागायचं, शेवटी बदलल्या. उन्हात उभी ठेवली की पंक्चरचे जुने पॅच सोल्युशन सुटून निघतात, त्यामुळे एप्रिलआधी ट्यूब नवी टाकलेली बरी. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा आहे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते, हा मोठा प्लस. मेमधल्या वळवाच्या पहिल्या सरीत मात्र जपून, वर्षभराचं सांडलेलं ऑइल वर येतं आणि आयटीआय सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यांवर टायर सटकतो.

घ्यावी का? रोज पाच किलोमीटरच्या वर जायचं असेल तर घ्या, पण किमतीत मडगार्ड, कॅरियर, स्टँड, कुलूप आणि लाइट धरून अजून तीनेक हजार बाजूला ठेवा. पुढे सस्पेन्शनवालं मॉडेल दाखवतील, नको, वजन वाढतं आणि पाणी शिरलं की ते जाम होतं. त्यापेक्षा जाड टायर घ्या. दोन-तीन किलोमीटरवर भाजी-दूध एवढंच असेल तर साधी बिनगियरची, चेन पूर्ण झाकलेली सायकल घ्या, निम्म्या पैशात येते आणि पावसात तिच्याकडे बघावंही लागत नाही.