ओम्नीच्या दारातली गळती आणि ९,४४० रुपयांचं बिल

गाडी २००८ सालची मारुती ओम्नी. मागच्या सीटा काढून प्लायवूडचा पलंग, त्याखाली कप्पे, बाजूला छोटं कपाट, छतावर कॅरियर. सुटीत कोकणात, घाटावर फिरायला केलेल्या अशा ओम्नी आता बऱ्याच दिसतात. तक्रारही नेहमीचीच: पावसात डाव्या सरकत्या दाराजवळची मॅट भिजते आणि पुढच्या डाव्या दाराशी पायाखाली पाणी साचतं. मालकाने मे महिन्यातच गाडी गॅरेजला दुरुस्तीला दिली. बिलावर लिहिलं होतं, ‘चारही दारं ओरिजिनल रबर, सिलिकॉन ८ ट्यूब, अँटीरस्ट, कम्प्लीट वॉटरप्रूफिंग’. आठ हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ९,४४०. पहिल्याच मोठ्या पावसात मॅट पुन्हा भिजली, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. नंतर दुसरीकडे दारं उघडली तेव्हा आत जे दिसलं ते इथे देत आहोत. ही फसवणूक याच क्रमाने, याच शब्दांत अनेकांच्या वाट्याला येते.

आधी ते ‘ओरिजिनल’ रबर. फुटावर विकलं जाणारं पीव्हीसीचं रबर कापून बसवलेलं होतं. कंपनीच्या रबराला कोपऱ्यात वळण असतं आणि ते ईपीडीएम या उन्हापाण्यात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचं, मऊ स्पंजी फुगा असलेलं असतं. बोटाने पूर्ण दाबून सोडलं की लगेच मूळ आकारात येतं. पीव्हीसी चकचकीत असतं, दाबल्यावर सावकाश उठतं आणि एक उन्हाळा गेला की कडक होतं. पावती करण्याआधी वीतभर तुकडा मागून घडी घालून बघा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर ते रबर दारासाठी नाही. फुटावरचं रबर नेहमी वाईटच असतं असं मात्र नाही. चांगल्या ईपीडीएमचं, आत लोखंडी पट्टीची पकड असलेलं रबरही फुटावर मिळतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. फसवणूक आहे ती एकाच्या नावाने दुसरं विकण्यात.

त्याहून मोठी गडबड बसवण्यात होती. रबराचा सांधा दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात घेतला होता. सांधा नेहमी खाली, उंबऱ्याच्या मधोमध यायला हवा. थोडी फट राहिली तरी तिथलं पाणी उंबऱ्यावरून बाहेर जातं. वर सांधा असेल तर तेच पाणी आतल्या कापडामागे उतरतं. शिवाय रबर ओढून बसवलेलं होतं. ओढलेलं रबर काही दिवसांत मूळ लांबीवर येतं, सांध्यात फट पडते आणि कोपऱ्यांत फुगा पत्र्यापासून सुटतो. नीट बसवायचं तर खालून सुरुवात करायची, कोपऱ्यात रबर थोडं सैल सोडून आत ढकलायचं, उरलेला भाग रबरी हातोडीने हलकं ठोकत बसवायचा, आणि शेवटी १५ ते २० मिमी जास्त ठेवून कापायचं. ते जास्तीचं माप दाबून दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली की सांधा कायम दाबाखाली राहतो. रबराला कधीच ओढ द्यायची नाही.

आता सिलिकॉन. आठ ट्यूब! दाराच्या रबरावर सिलिकॉनचं काहीही काम नसतं, कारण ते रबर दाबून पाणी अडवतं, चिकटून नाही. या गाडीत रबर आणि पत्रा यांच्या मधे, खिडकीच्या बीडिंगवर, सरकत्या दाराच्या रेलच्या कडेला, सगळीकडे पारदर्शक सिलिकॉन ओढलं होतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्यावर गंज धरतं. ते एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही चिकटत नाही. म्हणजे फसवणाऱ्याने पैसे घेतले आणि पुढच्या प्रामाणिक कारागिराचं कामही दुप्पट केलं. काढताना प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मग सिलिकॉन रिमूव्हर, मग स्वच्छ फडक्याने पुसायचं. ब्लेडने खरवडलं तर रंग जातो आणि गंजाला नवी जागा मिळते.

पाणी खरोखर कुठून येत होतं? तीन ठिकाणांहून, आणि त्यातलं एकही दाराचं रबर नव्हतं.

पहिलं ठिकाण छताची पन्हाळ. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे जुळतो त्या खाचेत कारखान्यात सीलंट भरलेलं असतं. पंधरा-सोळा वर्षांत ते उन्हाने तडकतं. तिथे कॅरियरचे पाय आवळले की तडा रुंद होतो. पाणी आत शिरून पत्र्याच्या आतून वाहतं आणि सरकत्या दाराच्या वर थेंब दिसतो, म्हणून सगळे दाराला दोष देतात. काम असं: कॅरियर उतरवायचं, जुनं सुटलेलं सीलंट पेचकसाने काढायचं, गंज घासून प्राइमर मारायचा, आणि बॉडीचं पॉलियुरेथेन सीलंट खाचेत भरून ओल्या बोटाने घोटायचं. ३०० मिलीची एक ट्यूब ओम्नीच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळीला पुरते. हे सीलंट साधारण २४ तासांत ३ मिमी खोलीपर्यंत सुकतं, त्यामुळे ‘संध्याकाळी गाडी घेऊन जा’ म्हणणाऱ्याला थांबवा. वर रंगाचा हात हवा, नाहीतर उन्हाने ते पुन्हा तडकेल. छतावरच्या स्क्रूंखाली, व्हेंटखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊच राहणारी चिकट रबरी पट्टी, लावायचा.

दुसरं ठिकाण पुढच्या दाराचं पोट. बऱ्याच मालकांना हे ठाऊक नसतं आणि फसवणूक नेमकी इथेच खपते. खाली-वर होणाऱ्या काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात उतरणारच. दाराची रचनाच तशी असते. ते आतून खाली जाऊन दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो आणि त्याचं खालचं टोक दाराच्या पत्र्याच्या आत खोचलेलं असतं, म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी पुन्हा दारातच पडतं. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना हा कागद फाडून टाकतात. मग पाणी पॅडवरून थेट पायाशी. या गाडीत कागद नव्हताच, आणि मेमधल्या दुरुस्तीत पॅड कुणी उघडलंच नव्हतं. दुरुस्ती स्वस्त आहे: जाड पॉलिथिन दाराच्या मापाने कापायचं, कडेने ब्युटाइल टेप फिरवायचा, खालचं टोक आत खोचायचं. पॅडच्या क्लिपा तुटतात, त्या नव्या हाताशी ठेवा.

तिसरं ठिकाण चीड आणणारं आहे. बिलातल्या त्या ‘अँटीरस्ट’ने दाराच्या तळची भोकं बुजवली होती. डांबरासारखा थर खालून फवारला, झालं काम. दारात पाणी साचलं, वळणावर डुचमळल्याचा आवाज यायला लागला आणि पातळी वाढल्यावर पाणी आत आलं. दुरुस्तीनंतर गळती वाढली ती यामुळे. फवारणीआधी प्रत्येक भोकात काडी घालून ठेवायची असते आणि नंतर काढायची; हे न करणाऱ्याला अँटीरस्टचे पैसे देऊ नका. सरकत्या दाराच्या खालच्या रेलमधली पाणी जायची वाटही अशीच चिखलाने किंवा त्याच थराने बंद होते.

सरकत्या दाराबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे नवं रबर घालूनही गळती राहते. दार तीन ठिकाणी रोलरवर चालतं: वर, खाली आणि मधल्या बाहेरच्या रेलमधे. रोलर झिजला की दार लटकतं आणि रबर सगळीकडे सारखं दाबलं जात नाही. दार अर्धं उघडून मागची कड हाताने उचला. स्पष्ट खालीवर हललं तर आधी रोलर. त्यानंतर लॉकचा खटका: त्याभोवती पेन्सिलीने खूण करायची, बोल्ट सैल करायचे आणि एका वेळी १ मिमी आत सरकवायचा. एकदम आत नेला तर दार आपटावं लागतं आणि लॉक खराब होतं. दाब तपासायला कागदाची पट्टी पुरते. दोन बोटं रुंद पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. दर वीतभर अंतरावर अशी ओढून बघा. जिथे पट्टी सहज निघते तिथे दाब नाही. हे तपासायला पंधरा मिनिटं लागतात, तरी बिलात ते कुठेच नसतं, कारण रबर विकण्यात नफा आहे.

रबर बसतं त्या पत्र्याच्या ओठावरही लक्ष असू द्या. इथे उंबऱ्याजवळ हातभर ओठ कुजला होता. त्यावर पुट्टी भरून रंग मारला होता आणि वर नवं रबर. पुट्टीला पकड बसत नाही. रबर हाताने ओढलं की पुट्टीसकट बाहेर आलं. छोटं चुंबक कागदात गुंडाळून ओठावर फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. योग्य काम म्हणजे कुजलेलं कापून साधारण १ मिमी सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याची पट्टी वेल्ड करणं, मग इपॉक्सी प्राइमर आणि सीलंट. पलंगाखालचा प्लायही टोचून बघा. पेचकस सहज रुतला तर वरून मॅट बदलून उपयोग नाही, आणि त्याखालचा ओला फोम वाळत नाही, तो काढावाच लागतो.

चाचणीत दोन प्रकारची फसवणूक चालते. काम मिळवायचं असेल तर प्रेशर वॉशरने जवळून फवारा मारून ‘बघा, केवढं येतंय’ दाखवतात. त्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं. काम झाल्यावर मात्र बादलीभर पाणी छतावर ओतून ‘बघा, कोरडं’ म्हणतात. खरी चाचणी साध्या नळाच्या पाइपने, नोझल न लावता होते. आतलं पॅड आणि मॅट काढायची, एक माणूस टॉर्च घेऊन आत. पाणी आधी उंबऱ्यावर पाच मिनिटं, मग फूटभर वर, असं करत शेवटी पन्हाळ आणि छत. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. उभ्या गाडीत कोरडं आणि चालवताना ओलं असेल तर खालच्या पत्र्यातल्या भोकांचे रबरी बूच (ग्रोमेट) आणि चाकाच्या कमानीचा पत्रा बघा. ओम्नीत पुढचं चाक सीटखालीच असतं.

गाडी देताना कामाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: गळतीची जागा पॅड काढून पाइपने शोधणार, सिलिकॉन वापरणार नाही, जुने भाग परत देणार. छोट्या गॅरेजला जीएसटी नोंदणी नसू शकते, त्यात गैर काही नाही. पण १८ टक्के लावले असतील तर बिलावर १५ अक्षर-अंकी जीएसटी नंबर हवाच. या बिलावर तो नव्हता.

पैसे गेलेच असतील तर सिलिकॉन खरवडण्याआधी फोटो काढा, बुजलेल्या भोकांचे, पुट्टीचे आणि रबराच्या सांध्याचे, आणि काढलेलं रबर टाकू नका. दुसऱ्या कारागिराकडून कारण लिहून घ्या. गॅरेजला आधी लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल तर गॅरेजशी झालेले व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा, त्यात गाडीचा नंबर आणि रक्कम यांचा उल्लेख असेल असं बघा.