कूपनावर कूपन की शीटवर शीट: लेबलं छापून घेताना पैसे कुठे वाचतात

घरगुती मसाल्यांच्या धंद्यात मिरचीचा भाव जेवढा छळतो तेवढाच लेबलाचाही छळतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आम्ही दोघं चार प्रकार विकतो: वऱ्हाडी मसाला, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट. भाजणं-कुटणं बायकोकडे, बाकीची धावपळ माझ्याकडे. प्रत्येक प्रकाराची अडीचशे लेबलं धरली तर दर तीन-चार महिन्यांनी हजार लेबलं लागतात, शिवाय थोडी व्हिजिटिंग कार्डं. एवढ्याशा कामाला ऑफसेटच्या (म्हणजे दर रंगाला वेगळी प्लेट लागणाऱ्या छपाईच्या) चार प्लेटा काढणं परवडत नाही आणि घरच्या प्रिंटरवर छापलेलं लेबल तेलाचा हात लागला की रडायला लागतं. म्हणजे डिजिटल छपाई आली. ती एक तर ऑनलाइन साइटवरून करून घ्यायची, नाहीतर पेठेतल्या प्रेसमधून. मी दोन्ही करून बसलोय. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, एवढं आधीच मान्य करतो.

आधी ऑनलाइनचं, कारण सवलती जुळवण्याची खरी मजा तिथे आहे. कूपन बहुतेक ठिकाणी एका ऑर्डरला एकच लागतं, तरी 'एकावर एक' होतंच. साइटचा सेल, त्यावर एक कूपन, त्यावर बँकेच्या कार्डाची सूट, असे तीन थर सहज बसतात. फक्त टक्क्यांची बेरीज करू नका. २० आणि १० मिळून ३० होत नाहीत, २८ होतात, कारण दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते. 'निवडक उत्पादनांवर' हे बारीक अक्षर वाचा. माझ्या अनुभवात कूपनातून सगळ्यात आधी वगळतात ते स्टिकर. घाई नसेल तर माल कार्टमध्ये टाकून दोन दिवस गप्प बसा. बऱ्याचदा 'तुम्ही काहीतरी विसरलात' म्हणत साइटच कूपन पाठवते.

माझा हिशोब असा होता. हजार लेबलं आणि दोनशे कार्डं मिळून करासकट २,४०० रुपये. २० टक्क्यांचं कूपन लावलं, १,९२० झाले. मी खूश. तेवढ्यात खाली १२० रुपये डिलिव्हरी उगवली, कारण फुकट डिलिव्हरी दोन हजारांच्या पुढे आणि ते दोन हजार कूपन वजा झाल्यावर मोजतात. बँकेचे १० टक्के जाऊन आकडा थांबला १,८३६ वर. मग डोकं चाललं. आणखी शंभर कार्डं टाकली, १८० रुपयांची. एकूण २,५८०, कूपन जाऊन २,०६४, डिलिव्हरी माफ, बँकेची सूट जाऊन १,८५८. बावीस रुपये जास्त देऊन शंभर कार्डं! त्या रात्री मी बायकोला उठवून हे सांगितलं. तिने 'बरं' म्हणून कूस बदलली.

७२२ रुपये वाचवले होते. छपाईही स्वच्छ आली, कटिंग काटेकोर, पॅकिंग असं की पाटावर ठेवून पूजा करावी. साइट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. खटका उडाला तो एका अक्षरावर.

डिझाइन मी साइटच्याच टूलमध्ये केलं होतं, मोबाइलवर. 'वऱ्हाडी मसाला' टाइप करून ठेवलेलं होतं, ते उचलून चिकटवलं. वर लाल पट्टीत घड्याळ पळत होतं: ऑफर संपायला अठरा मिनिटं. प्रीव्ह्यू पाहिला, पण मोबाइलवर ते लेबल माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं दिसत होतं. मान्य केलं, पैसे भरले. आठवड्याने खोकं आलं आणि तीस-चाळीस बरण्यांवर लेबलं लागूनही गेली. सोसायटीतल्या एक आजी, मूळच्या अकोल्याच्या, बरणी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "काय जी, हे वर्हाडी कोणतं? आमचं तर वऱ्हाड आहे."

ऱ्ह चा र्ह झाला होता. र आडवा होऊन ह ला चिकटायचा, तो रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसला होता. झालं असं की काही कीबोर्ड हा आडवा र काढताना मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण घालतात. साइटच्या टूलने तो गिळला आणि र ला रफाराची वाट दाखवली. दुसरा काही कीबोर्ड असता तर कदाचित निभावलं असतं. कळवल्यावर उत्तर सभ्य आलं: प्रूफ तुम्हीच मान्य केलं होतं. तेही खरंच. वर सहानुभूती म्हणून पुढच्या ऑर्डरसाठी १५ टक्क्यांचं कूपन दिलं, आणि ते स्टिकरला चालत नव्हतं.

वऱ्हाडी मसाल्याची अडीचशे लेबलं पुन्हा छापायला थोड्या नगाचा चढा दर लागला, ६०० रुपये, आणि डिलिव्हरीचे १२०. म्हणजे ७२०. सगळ्या कसरतीतून माझे नक्त दोन रुपये वाचले.

चूक माझी, हे मी आजही म्हणतो. पण ती घड्याळाखाली झाली. सवलती जुळवायला मी पाऊण तास दिला आणि प्रूफ वाचायला जेमतेम दोन मिनिटं. ऑनलाइन सवलतीचं हे मला खुपतं. सूट जेवढी मोठी, तेवढी मुदत तोकडी, आणि लेबल नीट वाचायला हवं नेमक्या त्याच वेळी तुम्ही टक्केवारी मोजत असता. इंग्रजी मजकूर असता तर काही बिघडलं नसतं. मराठीत मात्र तिथे तुमच्याशिवाय वाचणारं कुणी नसतं. (ल आणि श ची गोष्ट तर काढतच नाही. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले, पण त्या टूलमधल्या फॉन्टांपर्यंत तो निर्णय पोचलेला दिसला नाही. आमचा 'मसाला' हिंदी ल घेऊन आला. तो मी पोटात घातला.)

पुढची ऑर्डर घेऊन नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये गेलो. तळघरात जागा, दाराशी कागदाच्या रिमांची थप्पी, आत दोन मशीनं. कूपन वगैरे काही नाही. हजार स्टिकरांचा भाव विचारला तर मालकांनी उलट मलाच विचारलं, "साइज काय?" तीन बाय चार इंच. त्यांनी रद्दीतला १२ बाय १८ चा एक वाया गेलेला शीट ओढला, स्टीलची पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने चौकोन आखले. कडेचा ग्रिपर, म्हणजे मशीन कागद धरतं ती जागा, सोडून आडवी तीन, उभी चार. शीटला बारा लेबलं, हजाराला ८४ शीट, २८ रुपयांप्रमाणे २,३५२. मग पेन्सिल कानामागे ठेवून म्हणाले, "पाव इंच सोडता का?"

मला आधी कळेना काय सोडायचं. लेबलाची रुंदी तीनऐवजी पावणेतीन केली तर आडवी चार बसतात. चार चोक सोळा. हजाराला ६३ शीट. १,७६४ रुपये. एका पेन्सिलीच्या रेघेत ५८८ रुपये वाचले आणि बरणीवर त्या पाव इंचाचा फरक मलासुद्धा शोधावा लागतो.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सोळा लेबलं बसवून शीटच्या खाली दीड इंच कोरा उरत होता. "इथे काय टाकू? नाहीतर कटिंगला जाऊन रद्दीच होणार." झाकणावरून बरणीवर येणारी सीलची पट्टी लागते, ती आम्ही साध्या टेपची वापरत होतो. तिथे तशा दोन पट्ट्या बसल्या. ६३ शीटांत सव्वाशे पट्ट्या, छापील, आमच्या नावाच्या. त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

प्रेसमध्ये सवलत अशी मिळते, ती कागदात असते. एकदा हे लक्षात आलं की तिथेही एकावर एक रचता येतं. चारही प्रकारांची लेबलं एकाच वेळी टाका, म्हणजे शीटांची संख्या वाढून कमी दर लागतो. पन्नास शीटांच्या आत मला ३२ सांगितले होते, पुढे २८. फाइल स्वतः तयार करून न्या, डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर मांडण्याचे, पैसे वाचतात. आधीच्या कुणाच्या कामातला स्टिकर पेपर उरलाय का विचारा; असला तर तो संपवायची त्यांनाही घाई असते. मेहुणीच्या क्लासची कार्डं, शेजाऱ्यांचं वास्तुशांतीचं आमंत्रण, असं काही असेल तर एकत्र घेऊन जा. बारा बाय अठराच्या शीटवर व्हिजिटिंग कार्डं चोवीस बसतात. तुम्हाला शंभरच हवी असतील तर पाचव्या शीटवरच्या वीस जागा कुणाच्या तरी उपयोगी पडतील. काम कधी नेता यालाही महत्त्व आहे. लग्नपत्रिका करणाऱ्या प्रेसला आषाढानंतर श्वास घ्यायला वेळ असतो, तर गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पावती पुस्तकं आणि अहवालांचे. तेव्हा भाव सोडाच, तुमच्याकडे मान वर करून बघायलाही कुणाला फुरसत नसते. एक सवलत मात्र मी मोजत नाही: 'बिल नको असेल तर जीएसटी सोडतो.' बिल घ्या.

पुढे-मागे नग हजारांच्या पटीत गेले तर ऑफसेटकडे वळा. प्लेटांचा खर्च पाचशेला जेवढा तेवढाच पाच हजारांना, त्यामुळे नग वाढतील तसा तो पातळ होत जातो. प्लेटांना गम लावून जपून ठेवायला सांगा, मजकूर तोच असेल तर पुढच्या वेळी त्यांचा खर्च टळू शकतो. बॅच आणि तारीख अर्थातच कोरी सोडा, ती शिक्क्याने मारता येते.

आता प्रामाणिक हिशोब. प्रेसमध्ये १,७६४ आणि कटिंगचे १५०, म्हणजे लेबलं १,९१४ ला पडली. तीनशे कार्डं तिथे केली असती तर कार्डाच्या कागदाच्या तेरा शीटांचे, २२ रुपयांप्रमाणे, २८६ आणखी. एकूण २,२००. ऑनलाइन तेवढंच काम १,८५८ ला झालं होतं. नुसत्या आकड्यांवर ऑनलाइन साडेतीनशेच्या आसपास स्वस्त, आणि ज्याला रुपयाच मोजायचा आहे त्याने तिकडेच जावं. प्रेसला तीन खेपा झाल्या, पार्किंग शोधण्यात गेलेला वेळ वेगळा. 'उद्या संध्याकाळी' म्हणजे परवा दुपारी. मिरचीचा लाल रंग पहिल्या खेपेला थोडा विटकरी आला होता, तो दुसऱ्यांदा नीट झाला. साइटवर यातलं काही नाही, आणि तुम्ही बंगळुरूला किंवा इंदूरला असाल तर मराठी वाचणारी प्रेस हाताशी असेलच असं नाही. तशांसाठी एक उपाय: मजकूर साइटच्या टूलमध्ये टाइप करू नका. इकडच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडून अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली पीडीएफ मागवून ती चढवा. शंभर-दीडशे रुपये जातात, पण अक्षर चित्र झालेलं असतं, त्याला कुणी गिळू शकत नाही.

तरी लेबलं मी प्रेसमध्येच करतो, आणि त्याला कारण प्रेसमधल्या एका दुपारचं. डीटीपीला बसणाऱ्या मुलीने माझी फाइल उघडली, ए-फोरवर एक काळं-पांढरं प्रिंट काढलं आणि मला न विचारता लाल पेनने वाचायला घेतलं. ऱ्ह नीट होता, तो मी दहा वेळा बघितला होता. ती खाली एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न परवान्याच्या, नंबरावर पेनचं टोक टेकवत टेकवत गेली आणि म्हणाली, "काका, हा चौदा आकडी असतो ना? हे तेराच आहेत." मधला एक शून्य माझ्याकडून उडाला होता. त्या नंबराची हजार लेबलं छापली असती तर पैसे गेले असतेच, वर तपासणीत काय झालं असतं त्याचा मला विचारही करायचा नाही. वाचनाचे तिने काही घेतले नाहीत. बिलावर ते कुठे लिहायचं हे तिलाही माहीत नसावं.

इंग्रजी व्हिजिटिंग कार्डं अजून साइटवरूनच मागवतो, तीही घड्याळ नसलेल्या दिवशी. खरं तर आता काही दिवस मागवावी लागणार नाहीत. बावीस रुपयांत आलेली ती शंभर जादा कार्डं ड्रॉवरमध्ये जवळजवळ तशीच आहेत. बायको त्यांच्या पाठीवर धने-खोबऱ्याची यादी लिहिते, आणि वाण्याकडून परत आणायला विसरत नाही.