थायरॉइड अँटीबॉडी पॅनल: एका सुईत तीन चाचण्या, पण कामाच्या किती?

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली की रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडी (प्रतिपिंड) दिसतात. त्या शोधणाऱ्या अँटी-टीपीओ, अँटी-थायरोग्लोब्युलिन आणि टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी (ट्रॅब) या तीन चाचण्या प्रयोगशाळा एकत्र बांधून देतात. रक्त एकदाच द्यायचं, उपाशी राहायची गरज नाही. सोय चांगली, पण तिघींची लायकी सारखी नाही.

पैसे वसूल होतात ते ट्रॅबमध्ये, कारण इथे अँटीबॉडी स्वतःच आजार घडवते. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. ग्रेव्हज आजारात (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते) ही अँटीबॉडी टीएसएचच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागी, बसून ग्रंथीला राबवत राहते. पिट्युटरीने हात आखडता घेतला तरी थायरॉइड थांबत नाही. टीएसएच दबलेलं, टी४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेलं आणि ट्रॅब पॉझिटिव्ह असेल तर बहुतेकदा स्कॅनची गरज उरत नाही. अँटीथायरॉइड (थायरॉइडचं काम आवरणाऱ्या) गोळ्या 12 ते 18 महिन्यांनी बंद करण्याआधी ती पुन्हा बघावी. वाढलेलीच असेल तर आजार उलटण्याचा धोका जास्त. ती वारेतून बाळापर्यंत पोचते, म्हणून ग्रेव्हजसाठी ग्रंथी काढून टाकलेल्या गर्भवतीतही तपासावी लागते. उणीव एकच: नेहमीची ट्रॅब फक्त चिकटणं मोजते. अँटीबॉडी चालना देते की अडवते, हे कळायला टीएसआयसारखी (चालना देणारी अँटीबॉडी मोजणारी) वेगळी चाचणी लागते.

अँटी-टीपीओ एकदा करावी आणि सोडून द्यावी. हाशिमोटोच्या (थायरॉइड हळूहळू निकामी करणारा आजार) सुमारे 90 टक्के रुग्णांत ती सापडते, पण थायरॉइड धडधाकट असलेल्यांतही साधारण दहातल्या एकात. ग्रंथीची नासधूस मुख्यतः टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) करतात. ही अँटीबॉडी बरीचशी खूण. आकडा 600 वरून 1200 झाला म्हणून आजार दुप्पट होत नाही, आणि थायरॉइड हार्मोनच्या गोळीचा डोस टीएसएचवरच ठरतो. टीएसएच किंचित वाढलेलं असताना मात्र ती बोलकी ठरते: दोन्ही वाढलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे 4 टक्के जणींना पूर्ण हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड मंदावणं) होतो. दर तीन महिन्यांनी तीच चाचणी सुचवणारं पॅकेज निव्वळ विक्री आहे.

अँटी-थायरोग्लोब्युलिन बहुतेकांना भरतीची. थायरॉइड कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ती हवीच, कारण कर्करोग परतला का हे थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडच्या प्रथिनावरून पाहतात, आणि ही अँटीबॉडी रक्तात असली की त्याचा आकडा खोटा कमी येऊ शकतो.

फसगत होते ती बायोटिन या जीवनसत्त्वामुळे. केसांसाठीच्या गोळ्यांत ते 5-10 मिलिग्रॅम असतं. तपासणीत बायोटिनच वापरणाऱ्या (बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन पद्धतीच्या) यंत्रावर टीएसएच खोटं कमी, टी४ आणि ट्रॅब खोटे जास्त येऊ शकतात. म्हणजे कागदावर हुबेहूब ग्रेव्हज! चाचणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद करा. लेव्होथायरॉक्सिनमुळे (थायरॉइड हार्मोनची गोळी) अँटीबॉडीच्या निकालात असा घोळ होत नाही, ती चालू ठेवा. आणि टीपीओची वरची मर्यादा कुठे 9, कुठे 34, कुठे 60 असते, तेव्हा दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका.