इम्युनिटी ज्यूस: चव भारी, बोर्ड फेकू

नागपूरच्या अंबाझरी तलावाकडं सकाळी फिरणाऱ्यांसाठी एक ज्यूसवाला बसते, आवळा आलं ओली हळद डोळ्यासमोर काढून देते, काळं मीठ बरोब्बर, तिखटपणा असा का चोंदलेलं नाक मोकळं होऊन जाते. पण बोर्डावर 'आठ दिवसांत इम्युनिटी डबल'! मोजली कशी भाऊ? शरीर एकेका जंतूसाठी वेगळ्या अँटीबॉडी (जंतूशी लढणारी प्रथिनं) बनवते, ते लस शिकवते, धनुर्वाताचा बूस्टर तर 10 वर्षांनी पुन्हा घ्या लागते. विचारलं तर म्हणते, 'दादा, फुल गॅरंटी.' एवढी पक्की इम्युनिटी, म्हणजे कायद्याचं संरक्षण, तर राज्यघटनेच्या कलम 361 नं राष्ट्रपती-राज्यपालाले, फौजदारी केसच नाही, आन तेही पदावर असेपर्यंतच. चवीसाठी बिनधास्त प्या, ग्लास स्टीलचा मागा, कागदी कप गळते.