बाजारातलं "झाडपाल्याचं" मलम, कृपया कोणी घेऊ नका

जुलैत लावणीच्या दिवसांत कमरेला आणि जांघेत गजकर्ण उठलं. आता कोकणात पावसाळ्यात दिवसभर ओल्या कपड्यात चिखलात उभं राहिल्यावर हे काय नवीन नाही, म्हणून डॉक्टरकडे गेलोच नाही. आठवडा बाजारात एकजण झाडपाल्याची औषधं मांडून बसायचा, त्याने पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत हिरवट मलम दिलं, कापराचा वास, १०० रुपये. "शुद्ध जडीबुटी दादा, साइड इफेक्ट शून्य." डबीवर नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, तरी घेतली.

दोन दिवसांत खाज गायब! तिथेच फसलो. लावणं बंद केलं की चार दिवसांत खाज दुप्पट, मग परत डबी, असं करत करत गणपती आले नि गेले, तीन डब्या संपल्या. गजकर्णाची गोल कड पुसट झाली पण चट्टे पार पोटापर्यंत पसरले, जांघेत जांभळट चिरा पडल्या आणि तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ लागायला लागली.

शेवटी रत्नागिरीला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चट्ट्याची कड खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली गजकर्णाची बुरशी दिसली. म्हणाले यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार, ह्या चिरा त्याच्याच. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण बुरशीशी लढायची त्या जागेची ताकदपण दाबतं, म्हणजे वरून बरं वाटतं आणि बुरशी मोकाट सुटते.

स्टिरॉइड वाईटच असं नाही हां. माझ्या भाचीला एक्झिमा म्हणजे इसब आहे, तिला डॉक्टरच देतात, पण कुठलं, किती दिवस आणि किती ते सांगून, बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती याचसाठी.

माझी बुरशीची ट्रीटमेंट चालू आहे, पण चिरा फक्त फिक्या पडतील, जाणार नाहीत. तो माणूस परत बाजारात दिसला नाही, उरलेली डबी मी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिली.

सगळ्यात जास्त लागतंय ते हे की गुण आला म्हणून मीच दोघांना डब्या दिल्या होत्या. काकींकडची परत आणली. दुसरी गणपतीला आलेला चुलतभाऊ मुंबईला घेऊन गेला, मी त्याला रोज फोन करतोय, तो म्हणतो अरे मला तर दोन दिवसांत फरक पडला.