घोट्याचा लेसवाला पट्टा: कबड्डीच्या मैदानावर काही महिने वापरल्यानंतर

ज्या खेळाडूचा घोटा एकदा तरी मुरगळला आहे, त्याने हा पट्टा जरूर घ्यावा. ज्याचा घोटा धडधाकट आहे, त्याने तेच पैसे चांगल्या बुटांवर खर्च करावेत, असे माझे मत पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापरानंतर बनले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात मी शाळेत खेळ शिकवतो. आमच्या कबड्डीच्या मुलींनी आणि पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटरचा सराव करणाऱ्या गावातील मुलांनी हे पट्टे वापरले. पुढे लेस, दोन्ही बाजूंना खोचलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या आणि टाचेभोवती इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे फिरवून चिकटवायचे दोन बंद, अशी त्याची बनावट आहे.

हा पट्टा नेमके काय करतो, हे घोट्याची रचना पाहिल्याशिवाय कळत नाही. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांची एक खोबण बनते आणि टाचेच्या वरचे हाड त्या खोबणीत बसते. बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा जास्त खाली उतरलेले असते. शिवाय आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा (लिगामेंट), रुंद आणि भक्कम असतो, तर बाहेरचे तीन अस्थिबंध त्या मानाने दुबळे असतात. त्यामुळे पाऊल बहुतेक वेळा आतल्या अंगाला वळते आणि बाहेरच्या तिघांपैकी सर्वांत पुढचा अस्थिबंध आधी ताणला जातो किंवा फाटतो. चवड्यावर उतरताना हा धोका वाढतो, कारण खोबणीतले हाड मागच्या बाजूला अरुंद असते आणि पाऊल खाली झुकले की तोच अरुंद भाग खोबणीत येऊन सांधा सैल पडतो. बोनस घेणाऱ्या चढाईपटूचे एक पाऊल रेषेपलीकडे टेकलेले आणि दुसरे हवेत असते, म्हणजे सगळा भार अशा एकाच घोट्यावर येतो. पट्टा पावलाचे आत वळणे रोखतो, मात्र वर-खाली होणारी हालचाल बऱ्याच अंशी मोकळी ठेवतो; त्यामुळे धावताना फारशी अडचण जाणवत नाही.

मॅटवर बूट घालून खेळताना त्याचा उपयोग स्पष्ट दिसला. आधी दोनदा पाय मुरगळलेली आमची एक चढाईपटू काही आठवड्यांनी म्हणाली, "सर, पाय आता पलटत नाही." मातीच्या मैदानावर मात्र माझे मत प्रतिकूल आहे. तिथे मुली अनवाणी खेळतात. तळव्याखालच्या कापडाला माती चिकटते, पाय घसरतो आणि घोटापकड करणाऱ्या खेळाडूची बोटे लेसमध्ये अडकतात. मातीवर आम्ही पट्टा वापरणे बंद केले. त्याऐवजी उन्हाने पडलेल्या भेगा भरून, पाणी मारून मैदान चोपून घेणे अधिक उपयोगी पडले.

पट्ट्याने ताकद येत नाही, हे पालकांना मला वारंवार सांगावे लागते. अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात; दुखापतीत त्यांनाही इजा होते आणि सूज उतरल्यावरही पाऊल वेळेवर सावरले जात नाही. ही जाणीव सरावानेच परत येते. आमच्या मुली रोज एका पायावर उभ्या राहतात, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून. नंतर त्याच स्थितीत चेंडू झेलतात. सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून, तिच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेर वळवतात, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू बळकट होतात. ज्यांनी हा सराव नियमित केला, त्यांनाच पट्ट्याचा खरा लाभ झाला.

ताज्या दुखापतीवर पट्टा आवळून पुन्हा मैदानात उतरवणे अगदी चुकीचे आहे. आपल्याकडे पाय मुरगळला की लगेच जोरात चोळतात आणि मग हळद-चुन्याचा गरम लेप लावतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळण्याने आणि शेकण्याने सूज वाढू शकते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेजचा बेताचा दाब आणि पाय उंचावर, इतके पुरेसे असते. मात्र हाड मोडलेले नाही ना, हे आधी पाहावे. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले निकष फार कामाचे आहेत: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या ६ सेंटिमीटर भागात मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर बाहेर आलेल्या हाडावर दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. शाळकरी वयात हाडाच्या टोकाजवळची वाढीची चकती नाजूक असते, म्हणून जरा जरी शंका आली तरी मी मुलीला डॉक्टरांकडे पाठवतो.

आता वस्तूबद्दल. शिलाई टिकली, पण चिकटणाऱ्या बंदांत माती आणि धागे अडकून त्यांची पकड सैल झाली. जुन्या टूथब्रशने घासल्यावर ती बरीचशी परत आली. उन्हाळ्यात आतून घाम साचतो आणि घामोळे येते, त्यामुळे खाली सुती मोजा हवाच. धुण्यापूर्वी प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्यात आणि पट्टा सावलीत वाळवावा. केवळ बुटाच्या नंबरावरून मागवलेले दोन पट्टे आम्हाला बदलून घ्यावे लागले. पाकिटावरील तक्त्यात सांगितलेल्या जागी फितीने माप घ्यावे, तेही सूज पूर्ण उतरल्यावर. लेस खालून वर ओढत यावी, आणि बांधल्यावर बोटे बधिर किंवा गार वाटली तर लगेच सैल करावी.